दम, घाम आणि पाऱ्याची नळी

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालं, की करंजीचा घाट उतरल्यावर तिसगाव लागतं. कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचं हे बाजाराचं गाव. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत या टापूतली माणसं मढीच्या वाटेला लागलेली असतात. कानिफनाथांची समाधी असलेला मढीचा गड इथून जवळच. यात्रा तीन टप्प्यांत भरते: होळी, रंगपंचमी आणि पाडवा. पाडव्याला समाधीला गोदावरीच्या पाण्याचा अभिषेक होतो आणि ते पाणी कावडीने आणलं जातं, पैठणच्या घाटावरून, पायी.

कावड म्हणजे खांद्यावर आडवा बांबू आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाण्याने भरलेली भांडी. पाय बहुधा अनवाणी, डोक्यावर फाल्गुन-चैत्राचं ऊन. चालताना बांबू लवतो, उसळतो. सराईत कावडकरी आपलं पाऊल त्या हेलकाव्याशी जुळवून घेतो. नवखा त्याच्याशी झुंजतो आणि लवकर दमतो. खांदा बदलायचा तोही न थांबता, मान किंचित झुकवून, बांबू मानेमागून पलीकडे सरकवून.

व्यायामाने हृदयावर आणि रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे शिकवायला कावडीइतका चांगला धडा सापडणं कठीण. पाय चालत असतात, म्हणजे मोठे स्नायू लयीत आखडतात आणि सैल होतात. त्यांना रक्त हवं असतं, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदय भराभर ठोके देऊ लागतं. विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलणारं हृदय जोरकस श्रमात वीस-पंचवीस लिटरपर्यंत पोचतं. अशा वेळी रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो. खालचा जवळपास जागेवरच राहतो, कधी थोडा उतरतोही. खांदा, मान आणि बांबूवर आवळलेली मूठ यांचं मात्र वेगळं. ते स्नायू ताठ राहतात, आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतात, आणि मग दोन्ही आकडे वर जातात. तिसरा भाग उन्हाचा. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामातून पाणी जातं, रक्ताचं एकूण प्रमाण घटतं. चालण्याचा वेग तोच असला तरी सकाळी आठला होते त्यापेक्षा दुपारी बाराला ठोके बरेच जास्त असतात. वाटेत गावोगाव कावडकऱ्यांना पाणी, सरबत देणारी माणसं उभी असतात, त्याला शरीरशास्त्राचा असा भक्कम आधार आहे.

या मुलखात अंगमेहनतीचा इतिहास फार जुना आहे. तिच्या मोजमापाचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: श्रमाने शरीर कमावलं जातं की झिजतं, हे जितकं श्रमावर अवलंबून असतं तितकंच त्यानंतरच्या विसाव्यावर.

सुरुवात निजामशाहीपासून करता येते. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, वसवणाऱ्या अहमद निजामशहाला तलवारबाजीचा फार शौक होता, असं फेरिश्ता लिहितो. या इतिहासकाराचं बालपण याच शहरात गेलं, त्यामुळे त्याच्या सांगण्याला वजन आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बादशहाच्या आवडीमुळे शहरातले तरुण एकास एक द्वंद्व खेळू लागले. विद्येच्या शाळांची जागा मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या तलवारबाजीच्या आखाड्यांनी घेतली, आणि श्रेष्ठ कोण हे ठरवण्याच्या भरात माणसं जिवानिशी जाऊ लागली. फेरिश्ताला हे मुळीच रुचलेलं नाही. तरी त्याच्या तक्रारीतून एवढं निश्चित कळतं की पाचशे वर्षांपूर्वी नगर हे कसरतीचं शहर होतं.

तलवार गेली, कुस्ती टिकली. नगर जिल्ह्यात गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. सकाळी देवाचा छबिना, दुपारी हगामा. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनामाच्या, आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती. पंच जोड लावून देतात, हलगी कडाडते, पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो आणि सलामी झडते.

त्या सलामीच्या क्षणी अजून काहीच श्रम झालेले नसतात, तरी छाती धडधडत असते. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ साली हीच गोष्ट प्रयोगशाळेत तपासली. व्यायाम सुरू होताक्षणीच श्वास आणि ठोके वाढतात. स्नायूंतून काही निरोप यायला वेळसुद्धा मिळालेला नसतो. मग ही आज्ञा मेंदूकडूनच सुटत असली पाहिजे, असं त्यांनी मांडलं. हालचालीचा हुकूम स्नायूंना जातो तेव्हाच त्याची एक प्रत हृदयाकडेही रवाना होते. हलगीच्या पहिल्या ठेक्याबरोबर पैलवानाचं हृदय कामाला लागतं ते यामुळे.

कुस्ती लागल्यावरची स्थिती आणखी गुंतागुंतीची. खडाखडीत हालचाल असते, पण पकड बसली की दोघेही जागच्या जागी एकमेकांना रेटतात, आणि त्या रेट्यात श्वास रोखला जातो. बंद गळ्याविरुद्ध छातीने दिलेला तो दाब थेट रक्तवाहिन्यांवर येतो. हा दाब किती चढू शकतो, हे १९८५ साली कॅनडात मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं. पायांनी जड वजन रेटताना त्यांचा रक्तदाब सरासरी ३२० वर २५० इतका झाला. एकाचा तर ४८० वर ३५० च्या पुढे गेला. विश्रांतीतला सुदृढ आकडा १२० वर ८० च्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे या संख्यांचा अर्थ कळतो. वजन खाली ठेवलं की काही सेकंदांत दाब कोसळतो. कमावलेल्या शरीराने तो सोसला. मारुतीच्या पारापाशी पडलेला दगडी गोटा पन्नाशीतल्या, कधी व्यायाम न केलेल्या माणसाने पैजेखातर उचलू नये, ते याच कारणाने.

तालमीत वस्तादाने घालून दिलेली शिस्त इथे नजरेत भरते. पोरगा तालमीत आला की पहिल्या दिवशी त्याला कुणी लढतीला उभं करत नाही. आधी हौद्यातली माती उकरायची, मग जोर, बैठका, आणि त्याही महिन्यामहिन्याने वाढवत न्यायच्या. लढत झाली की मटकन बसायचं नाही. हौद्याच्या कडेने फिरत राहायचं. यामागचं कारण आज सांगता येतं. श्रमात पायांच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि चालणारे स्नायू त्यांतलं रक्त पिळून वर पाठवत असतात. माणूस एकदम थांबला तर रक्त पायांतच साचतं, वरचा दाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. फिरत राहिलं की हृदय हळूहळू खाली येतं. मग मालीश, अंगावर माती, दूध-बदामाचा खुराक आणि दुपारची झोप. पैलवानाच्या दिवसात मेहनतीचे तास थोडे आणि सावरण्याचे जास्त असतात. बाहेरच्या माणसाला ती ऐष वाटते. खरं तर शरीर त्या वेळातच घडतं: हृदयाची पोकळी वाढते, एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं. त्यामुळे कसलेल्या माणसाची, विशेषतः लांब पल्ल्याचं पळणाऱ्याची, नाडी विश्रांतीत मिनिटाला पन्नास किंवा त्याहूनही कमी पडते.

किती व्यायाम पुरे, याचं माप घड्याळ आणि यंत्रं येण्याआधीही होतं. सुश्रुतसंहितेत अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा असं सांगितलं आहे, आणि अर्धी शक्ती झाली हे ओळखायचं कसं तेही: श्वास तोंडाने यावा लागला की थांबावं. आज डॉक्टर हृदयरोग्याला सांगतात, बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. खूण तीच. नाडीपरीक्षेच्या जुन्या ग्रंथांतही नुकतंच जेवलेल्या, न्हालेल्या आणि व्यायाम करून आलेल्या माणसाची नाडी पाहू नये असा नियम आहे. व्यायामाने नाडी पालटते हे वैद्य जाणून होते. किती पालटते, हे आकड्यात मांडण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं.

ते साधन युरोपातून यायला वेळ लागला. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांवर चढताना पाहिलं आणि १७३३ साली ते छापलं. माणसाला असं कुणी मोजू देणार नव्हतं. १८९६ साली इटलीच्या रीवा-रॉची यांनी दंडाला गुंडाळायचा फुगवता पट्टा आणि पाऱ्याची नळी आणली, आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली कान देऊन आवाज ऐकायची रीत दिली. दवाखान्यात आजही जी ऐकली जाते ती हीच टकटक.

पुढची काही दशकं मराठी मुलखात व्यायामाच्या चळवळीची होती. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याची स्थापना केली. त्यातून उभ्या राहिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला मल्लखांब आणि कबड्डी दाखवून आलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. बडोद्याला आबासाहेब मुजुमदार दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशाच्या कामाला लागले. ही सगळी माणसं शरीर कमवायला सांगत होती. शरीरात नेमकं काय घडतं हे पट्टा आणि पारा घेऊन तपासायला बसला तो एक वेगळाच माणूस.

जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या तालमीत त्यांनी व्यायामाचे धडे घेतले, नंतर मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले, अंमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केलं. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले. योगाने शरीरावर होणाऱ्या परिणामांबद्दल चमत्काराच्या गोष्टी सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. गुण्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची पोटं पाहिली. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. नौलीत आतड्यांमध्ये जो उणा दाब तयार होतो तो त्यांनी मोजला आणि त्याला गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास व्हॅक्यूम’ असं नाव दिलं.

१९२६ च्या सुमारास ‘योग मीमांसे’त रक्तदाबावरचे प्रयोग आले. विषय सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन अशी आसनं. साधकाच्या दंडाला पट्टा बांधलेला, आणि तो आसनात असतानाच पाऱ्याकडे पाहून नोंद चाललेली. डोकं खाली आणि पाय वर केल्यावर हृदयाला रक्त चढवण्याचं काम बदलतं, पायांतलं रक्त आपोआप परततं. त्याने दाब धोक्याच्या पातळीला जातो की काय, ही शंका रास्त होती आणि तिचं उत्तर तर्काने मिळणार नव्हतं. आसनांनी हृदयावर दमवणाऱ्या कसरतीइतका भार पडत नाही, हे कुवलयानंदांना दाखवायचं होतं. आजच्या कसोटीला हे प्रयोग लहान आहेत. माणसं मोजकी, तुलनेसाठी वेगळा गट नाही. पण भारतात आसनात असलेल्या माणसाचा रक्तदाब पद्धतशीरपणे नोंदून छापण्याचं काम इतक्या लवकर हाती घेणाऱ्यांपैकी ते होते, आणि त्यासाठी मराठी वाचकाने त्यांचं नाव आजच्यापेक्षा जास्त घ्यायला हवं.

त्यांच्या प्रयोगांची कीर्ती लवकरच एका प्रसिद्ध रुग्णापर्यंत पोचली. १९२७ च्या मार्च महिन्यात खादीच्या दौऱ्यावर असताना कोल्हापूर-निपाणीच्या भागात महात्मा गांधींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब फार वाढलेला होता. डॉक्टरांनी दौरा थांबवायला लावला. गांधीजी काही दिवस सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला राहिले आणि तिथून म्हैसूरकडच्या नंदी टेकडीवर गेले. त्या काळात कुवलयानंद आणि त्यांचा पत्रव्यवहार झाला: आसनं कोणती, मालीश कशी, रक्तदाब किती. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची गांधीजींना हौसच होती. पण हा प्रसंग मोलाचा आहे तो वेगळ्या कारणाने. वाढलेल्या रक्तदाबावर तेव्हा धड औषध नव्हतं. सक्तीची विश्रांती हाच डॉक्टरांचा मुख्य उपाय. अशा वेळी हलक्या, मोजून केलेल्या हालचालीचाही त्या उपायात वाटा असू शकतो, असं एक मराठी संशोधक सुचवत होता आणि रुग्ण ते करून पाहत होता. नियमित व्यायामाने वाढलेला रक्तदाब पाच ते आठ मिलिमीटर पारा इतका उतरू शकतो, हे वैद्यकात सर्वमान्य व्हायला त्यानंतर अनेक दशकं गेली.

लोणावळ्याची दारं बाहेरच्या संशोधकांनाही उघडी होती. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतून वेंगर आणि बागची आपली यंत्रं घेऊन भारतात फिरले, तेव्हा कैवल्यधामातही त्यांनी काम केलं. हृदय थांबवू शकतो असं सांगणारे योगी त्यांना तपासायचे होते. दिल्लीचे बी. के. आनंद यांच्यासह १९६१ साली त्यांनी निष्कर्ष छापला: मनगटावरची नाडी लागेनाशी होते हे खरं, पण हृदय चालूच असतं. छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळून श्वास रोखला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि नाडी क्षीण होते. आखाड्यात पकडीच्या वेळी घडतं त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे. फरक एवढाच, की योग्याने ते ठरवून आणि शांतपणे केलेलं असतं.

नगर जिल्ह्यात हा पट्टा आणि पारा सामान्य माणसाच्या दंडापर्यंत पोचवण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात जामखेडला जातं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, दलित वस्तीतल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. बाळंतपण, लसीकरण यांच्याबरोबर रक्तदाब तपासायलाही त्या शिकल्या. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हतं ती गावच्या पाटलाच्या दंडाला पट्टा बांधू लागली, हा बदल नुसता वैद्यकीय नाही.

पण पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीडच्या आष्टी-शिरूर भागात हृदयावर खरा भार टाकणारं काम आखाड्यातलं नाही, यात्रेतलंही नाही. ते उसाच्या फडातलं आहे. देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना १९५० साली याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. त्यानंतर कारखाने वाढत गेले आणि पावसाने दगा दिलेल्या या पट्ट्यातली माणसं दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाऊ लागली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटे फडात उतरायचं, वाकून बुडख्यात कोयता मारायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. मोळी वाहणारी पुष्कळदा बाईच असते.

हा व्यायाम नव्हे का? ठोके वाढतात, घाम गळतो, पाय चालतात. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दाखवलं होतं की दुमजली बसमध्ये दिवसाकाठी पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. कामातली हालचाल हृदयाला तारक, असा अर्थ त्यातून घेतला गेला आणि बरीच वर्षं तोच चालला. पुढे त्याला मर्यादा पडल्या. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या माहितीवरून अँड्रियास होल्टरमन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडलं की फावल्या वेळातला व्यायाम हृदयविकाराचा धोका कमी करतो, पण पोटासाठी केलेलं जड अंगमेहनतीचं काम तो वाढवताना दिसतं. व्यायाम करणारा तासाभराने थांबतो. त्यानंतर कित्येक तास त्याचा रक्तदाब नेहमीपेक्षा खाली राहतो आणि त्या अवधीत शरीर सावरतं. दिवसभर ओझी वाहणाऱ्याचा रक्तदाब खाली यायला उसंतच मिळत नाही. ठोके चढलेलेच राहतात, रात्र अपुरी पडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. २०२३ साली २७० चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात भिंतीला टेकून बैठकीत स्थिर राहण्यासारख्या व्यायामाने रक्तदाब सर्वांत जास्त, सरासरी वरचा आठ आणि खालचा चार मिलिमीटर, उतरल्याचं आढळलं. त्यातही ताण मिनिटा-दोन मिनिटांचा, मध्ये विसावा, आणि आठवड्यातून मोजकेच दिवस.

वस्तादाने पठ्ठ्याला दिलेला खुराक, मालीश आणि झोप ऊसतोड बाईच्या वाट्याला येत नाही. तिने एक दिवस अंग टाकलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

श्रमशास्त्रात आठ तासांच्या कामासाठी एक ढोबळ मर्यादा मानतात: माणसाच्या कमाल क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या वर सरासरी भार जाऊ नये. हिशेब साधा आहे. पस्तीस वर्षांच्या माणसाचे कमाल ठोके अंदाजे २२० वजा वय, म्हणजे १८५. विश्रांतीत ७० असले तर मधला फरक ११५, आणि त्याचा तिसरा हिस्सा ३८. म्हणजे दिवसभराची सरासरी मिनिटाला १०८ च्या आसपास राहायला हवी. हे मोजायला आता मनगटावर बांधायचं छोटं यंत्र पुरतं. दसऱ्याला टोळ्या गाव सोडतात त्याआधी एकदा, हंगामात फडावर काही दिवस, आणि उन्हाळ्यात परत आल्यावर पुन्हा, असे ठोके आणि रक्तदाब तिसगावसारख्या गावांतून नोंदता येतील. जामखेडच्या बायकांनी पट्टा बांधायला शिकून पन्नासेक वर्षं होत आली आहेत. हात तयार आहेत, यंत्रं स्वस्त आहेत. आठवड्यातून एक दिवस खाडा न धरण्याची मागणी मुकादमाशी आणि कारखान्याशी बोलताना मांडायची, तर तिच्या बाजूने असे आकडे हाताशी असलेले बरे.